रविवारची पॉपर टूर्नामेंट: ३०० रुपये, पाच राउंड आणि माझा 'ठेचा' डेक

आधीच सांगतो, दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मालकाला मी दादा म्हणतो, दर दोन आठवड्यांनी तोंड बघावं लागतं, आणि खाली ज्या तक्रारी लिहिल्यात त्या सगळ्या त्याच्या तोंडावर सांगून झाल्यात. पुण्यात मॅजिक खेळणारे मोजकेच आहेत, त्यांना जिना आणि एसी म्हटल्यावर कळेलच कुठलं दुकान ते. बाकीच्यांनी असं समजा की तुमच्या गावात एखादं कार्ड गेमचं दुकान टूर्नामेंट ठेवतंय आणि जावं की नाही ते ठरत नाहीये, तर काय काय बघायचं त्याचा हा रिव्ह्यू.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या माणसानं काढला, त्याची पीएचडीच कॉम्बिनेटोरिक्समधली. आपल्या मेंढीकोटात एकच कॅट असतो आणि तोच चौघांत वाटला जातो, इथं प्रत्येकानं आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बनवून आणायचा. कमीत कमी ६० पत्ते, एका नावाचे जास्तीत जास्त चार (साध्या लँडला ही मर्यादा नाही; लँड म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारं बळ, म्हणजे माना, देणारा पत्ता), शिवाय दोन गेमच्या मध्ये अदलाबदल करायला बाजूला १५ पत्त्यांचा साइडबोर्ड. दोघांना २० लाइफ, ज्याचं आधी शून्य होईल तो हरला. घरी ही व्याख्या सांगितली तर आई म्हणाली, म्हणजे लहानपणी ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड खेळायचास तसंच ना, अजून सुटलं नाही का ते. नाही सुटलं.

पॉपर म्हणजे यातला गरिबांचा फॉरमॅट. जे कार्ड कधी ना कधी कॉमन, म्हणजे पत्त्यांच्या पॅकमध्ये सर्रास सापडणारं, म्हणून छापून आलंय तेच चालतं, त्यामुळं एकेका कार्डाला दहा हजार मोजायची भानगड नाही. वर्षानुवर्षं लोक हौसेनं खेळत होते, कंपनीनं २०१९ मध्ये त्याला अधिकृत फॉरमॅट केलं. आपल्याकडं हे बरंय, कारण इथं कार्डं बाहेरून मागवायची म्हणजे कार्डाच्या किमतीपेक्षा कुरियर आणि कस्टमचीच धाकधूक जास्त. माझा पूर्ण डेक साधारण साडेचार हजारात झाला, तोही तीन वर्षांत तुकड्यातुकड्यानं.

डेकचं नाव ठेचा. पुस्तकी नाव मोनो रेड बर्न, पण नुसता लाल आणि नुसता जाळ, मग दुसरं काय म्हणणार. १८ माउंटन (लाल माना देणारी लँड) आणि बाकी सगळं समोरच्याच्या तोंडावर मारायचं सामान: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, फायरब्लास्ट. पहिली चारही तीन तीन डॅमेजची, २० लाइफ म्हणजे सात पत्ते, हिशोब संपला. आधी यात मोनॅस्टरी स्विफ्टस्पीअर पण होती, ती २०२३ मध्ये पॉपरमध्ये बॅन झाली, तिच्या चार कार्डांसाठी मी बरोबर दोन महिने आधी पैसे मोजले होते. जाऊ दे.

तर टूर्नामेंट. जुलैतला रविवार, सकाळपासून रिपरिप. फी ३००, नाव नोंदवायची वेळ १०, सुरू १०:३०. प्रत्यक्षात सुरू ११:१० ला. पुण्यात दुपारी १ ते ४ दुकान बंद यावर जोक होतात पण १०:३० म्हणजे ११:१० यावर कुणीच काही बोलत नाही. पैसे फक्त यूपीआयनं, रोख घेणार नाही असं काउंटरवर लिहिलंय. शेजारी अजून एक पाटी आहे ती इथं द्यायलाच हवी: "वडापाव खाल्लेले हात बाईंडरला लावू नयेत. डाग पडलेले कार्ड आपणच घेतले असे समजून पैसे काउंटरवर द्यावेत." दादा मूळचा नगरचा आहे, पण पुण्यात बारा वर्षं काढली की असं होतं.

दुकान झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. जिना लोखंडी, गोल, पावसात निसरडा, हातात बॅग आणि छत्री असेल तर देवाचं नाव घ्या. पार्किंग विसरा. आत मात्र जागा आश्चर्यकारक मोठी, नऊ टेबलं, प्रत्येकावर आकडा चिकटवलेला, टेबलं हलत नाहीत (हे लिहितोय कारण मागे एका ठिकाणी मी हलत्या टेबलावर खेळलोय, समोरचा पत्ते पिसायला लागला की माझी लायब्ररी, म्हणजे उचलायच्या पत्त्यांची गड्डी, सरकायची). खुर्च्या प्लास्टिकच्या, पाच राउंड बसायच्या लायकीच्या नाहीत, घरून उशी आणणारा एक जण होता आणि सकाळी सगळे त्याला हसले, दुपारी कुणी हसलं नाही.

आलो आम्ही १७ जण. स्विस पद्धत, म्हणजे हरलात तरी घरी जायचं नाही, सारखे पॉइंट असलेल्यांच्या जोड्या लावत जातात. जिंकलं तर ३, ड्रॉ १, हरलं तर शून्य. प्रत्येक राउंड ५० मिनिटांचा, तीनातले दोन गेम जिंकायचे. जोड्या कंपॅनियन ॲपवर येतात, रिझल्ट पण आपणच त्यात टाकायचा. रेंज नसलेल्यांसाठी दादा जोड्या मोठ्यानं वाचून दाखवतो, अगदी लग्नात आहेर पुकारल्यासारखा.

१७ हा विषम आकडा, त्यामुळं दर राउंडला एकाला बाय. बाय म्हणजे न खेळता तीन पॉइंट, ऐकायला छान, पण पन्नास मिनिटं एकटं बसायचं आणि पैसे तर खेळायचे दिलेत. बहुतेक ठिकाणी बायवाला कोपऱ्यात मोबाइल बघत असतो. इथं दादा स्वतःचा डेक घेऊन त्याच्यासमोर बसतो. पाचही राउंड बसला, दोनदा मध्ये उठून गिऱ्हाईकाला पॅक दिले आणि परत येऊन "कुणाची टर्न?" मला या दुकानाबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. पहिल्या टेबलावरच्या, म्हणजे सगळ्यात पुढं असलेल्या, पोरांची काळजी सगळीच दुकानं घेतात, तीच पोरं महिन्याला पाच हजाराचा माल उचलतात.

पहिला राउंड सुरू व्हायच्या आधी माझाच घोळ झाला. माझ्याकडे चार लाइटनिंग बोल्टमध्ये एक फॉइल, म्हणजे चकाकणारं कार्ड, आहे, मॅजिक २०१० सेटमधला (नाव २०१०, आला २००९ मध्ये, या कंपनीचं सगळं असंच), बायकोनं लग्नाच्या आधी दिलेला, माझ्या सगळ्या कलेक्शनमधला जीव त्या एका कार्डात. आता फॉइलचं असं असतं की दमट हवेत ते वळतं, आणि पुण्याचा जुलै म्हणजे पापड वाळत घातल्यासारखं. जज म्हणजे दुकानातच पार्ट टाइम काम करणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, त्यानं डेक टेबलावर उभा धरला, बाजूनं एक डोळा मिटून बघितलं आणि बोटाच्या नखानं बरोबर त्याच जागी कापला. वर बोल्ट. म्हणाला, "बघितलंत ना? मला न बघता कळतंय, तुम्हालाही कळणार." वळलेलं कार्ड म्हणजे खूण केलेलं कार्ड, तुमच्या मनात असो नसो. मी म्हटलं स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं पाकीट) डबल आहे, तो म्हणाला स्लीव्ह पण वळलीय. वाद घालण्यात अर्थ नव्हता, पोरगा बरोबर होता. आणि नियम सांगून मोकळा नाही झाला, आत गेला, कॉमनच्या खोक्यातून साधा बोल्ट काढून आणला, "संध्याकाळी परत द्या नाहीतर विकत घ्या." त्यासाठी एक नवी काळी स्लीव्ह पण दिली, माझ्या बाकीच्या जुन्या स्लीव्हमध्ये ती एकच चकचकीत दिसायला लागली, मग तीच अडचण, मग शेवटी त्यानं फॉइलवरचीच माझी जुनी बाहेरची स्लीव्ह काढली, आतली तेवढी फेकली आणि बाहेरची दाबून सपाट करून वापरली. या सगळ्यात सात मिनिटं गेली. ११:१० चं एक कारण मी स्वतः आहे, हे कबूल.

पहिला राउंड एका बँकेतल्या काकांशी, पन्नाशीचे, शर्ट इन केलेला, खिशाला पेन. मी मनात म्हटलं कुणाचे तरी वडील सोडायला आलेत. काकांनी ॲफिनिटी काढला. आर्टिफॅक्ट (यंत्रं-वस्तूंचे पत्ते) लँडवर चालणारा हा डेक म्हणजे फुकटात राक्षस टेबलावर ओतत बसतो, आणि काकांचा हात असा चालत होता जशा नोटा मोजताहेत. पहिला गेम गेला. दुसऱ्यात साइडबोर्डातून स्मॅश टू स्मिदरीन्स आणले, आर्टिफॅक्ट फोडायचं आणि वर मालकाला तीन डॅमेज, ॲफिनिटीवाल्यासाठी यापेक्षा जास्त अपमान नाही. १-१.

तिसऱ्या गेममध्ये काका तीन लाइफवर आणि माझा रिफ्ट बोल्ट सस्पेंडवर. हे कार्ड एका माउंटनमध्ये बाजूला ठेवता येतं, वर एक काउंटर, पुढच्या टर्नच्या सुरुवातीला काउंटर काढायचा की तीन डॅमेज. म्हणजे मी जिंकलोच होतो. फक्त मी घाईत आधी पत्ता उचलला. काउंटर म्हणून वर ठेवलेला डाइस तसाच. काका शांतपणे म्हणाले, "पत्ता उचलला. आमच्या मेंढीकोटात पडला तो पडला." पोटात गोळाच आला. जजला हात केला. त्यानं दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, आधी काकांचं, मग माझं, मग मला विचारलं उचलल्यावर अजून काही खेळलात का. नाही. मग म्हणाला, काउंटर काढणं हे ऐच्छिक नाहीये, कार्डच काढा म्हणतं, आणि अजून पुढं काहीच झालेलं नाही, त्यामुळं आता काढा आणि बोल्ट टाका. काकांना का ते पण समजावलं, आवाज न चढवता. काकांनी हात मिळवला आणि म्हणाले, "ऑडिटला चालेल असा निर्णय आहे."

दुसरा राउंड लिहायची इच्छा नाही पण लिहावा लागेल. समोर निळा डेक. निळ्याचं कामच तुमचं कार्ड हवेत असताना "नाही" म्हणणं. पहिला गेम त्यानं आरामात नेला. साइडबोर्डात त्याच्याकडं हायड्रोब्लास्ट, एका निळ्या मानात लाल स्पेल, म्हणजे समोरच्यानं खेळलेला लाल पत्ता, रद्द. माझ्याकडं त्यावर उतारा, रेड एलिमेंटल ब्लास्ट, एका लाल मानात निळा स्पेल रद्द. दुसऱ्या गेममध्ये तो सातवर, माझ्याकडं तीन माउंटन. एकातून लाव्हा स्पाइक, तो चारवर. हातात फायरब्लास्ट आणि रेड ब्लास्ट. फायरब्लास्टची मजा ही की सहा माना नसतील तर दोन माउंटन बळी द्यायचे, चार डॅमेज. मी उरलेले दोन्ही उभे (माना काढली की लँड आडवी करतात, हे अजून वापरलेले नव्हते) माउंटन उचलले आणि कचऱ्यात टाकले, जरा ऐटीतच. त्यानं त्याचं एकुलतं एक उभं आयलंड आडवं केलं, हायड्रोब्लास्ट. माझ्या हातात रेड ब्लास्ट आणि तो खेळायला एकसुद्धा माना नाही. ०-२.

बरं, मॅच संपल्यावर मी काउंटरजवळ कटिंग घेऊन उभा होतो (चहा खालच्या टपरीचा, दादा थर्मासमध्ये भरून आणतो, दहा रुपये, पातळ), तर जज आला. मॅच चालू असताना तो एक शब्द बोलू शकत नाही, संपल्यावर बोलला. झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर दोन चौकोन काढले. म्हणे बळी द्यायच्या आधी दोन्ही माउंटन आडवे करायचे, दोन लाल माना हवेत ठेवायच्या, मग तेच आडवे माउंटन बळी द्यायचे, बळी द्यायला ते उभे असावे लागत नाहीत. तो फेज संपेपर्यंत माना तुमच्याच. त्यानं हायड्रोब्लास्ट टाकला की त्यातल्या एका लालनं रेड ब्लास्ट. तीन वर्षं मी हा डेक खेळतोय. तीन वर्षं. घरी किचन टेबलवर समोर मावसभाऊ असतो आणि तो निळा खेळत नाही, त्यामुळं कधी गरजच पडली नव्हती. तो कागद अजून माझ्या डेकबॉक्समध्ये आहे.

शेजारी उभा असलेला एक जण मध्येच म्हणाला, बर्न काय, त्यात डोकं लागतंय कुठं, माकड पण खेळेल. आता हा टोमणा मी पूर्वीपासून ऐकतोय आणि हसून सोडतो, पण त्या क्षणी माकडाच्याही खाली होतो त्यामुळं लागला. दादानं काउंटरवरून न बघताच सांगितलं, "मागच्या महिन्यात बर्नकडूनच हरलास ना रे?" विषय संपला. वातावरण एकंदर असंच आहे, चेष्टा चालते पण कुणाला कोपऱ्यात घेत नाहीत. दोन मुली खेळत होत्या, त्यातली एक शेवटी तिसरी आली, आणि कुणी तिला "अरे वा, मुली पण खेळतात" वगैरे म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. नवीन माणसासाठी हे एसीपेक्षा महत्त्वाचं आहे.

एसीचं सांगायचं राहिलं. एक आहे, दीड टनाचा असावा, नवव्या टेबलाच्या बरोबर वर, आणि गळतो. थेंब थेंब. खाली प्लास्टिकचा टब ठेवलाय, टबाशेजारी खुर्ची. कार्ड गेमच्या दुकानात पाणी गळतंय यापेक्षा वाईट काय असेल, माझ्या शेजारच्यानं प्लेमॅट सरकवून सरकवून शेवटी मांडीवर घेतली. दादा म्हणतो मेकॅनिक मे महिन्यापासून उद्या येतोय. अजून एक, घड्याळ. ५० मिनिटांचा टायमर लॅपटॉपवर लावलाय आणि लॅपटॉपचं तोंड काउंटरच्या आत. खेळणाऱ्याला किती वेळ राहिला ते कळतच नाही, दर वेळी ओरडून विचारायचं. टीव्ही भिंतीवर आहे की, त्यावर दिवसभर मासे पोहत होते, स्क्रीनसेव्हर. तिथं टायमर लावायला काय जातंय.

हा टायमर मला तिसऱ्या राउंडला नडला. समोर नववीतला मुलगा, पहिलीच टूर्नामेंट. आई पलीकडच्या बाकावर डबा घेऊन बसलेली. त्याचा डेक त्याचा नव्हताच, दुकानाचा होता: इथं चार तयार पॉपर डेक ठेवलेत, नवीन माणसाला दिवसभर फुकट, वर काही डिपॉझिट नाही, फक्त फोन नंबर. त्याच्या वाट्याला एल्व्ह्ज, म्हणजे एल्फ जातीच्या पात्रांचा डेक, आला होता. मला म्हणाला, "काका, हे कार्ड काय करतं बघू?" काका! मी चौतीसचा आहे. पण विचारत छान होता, प्रत्येक कार्ड उचलून वाचायचा, ओठ हलायचे, मग उलटं करून परत द्यायचा, दोन्ही हातांनी, जसं मंदिरात प्रसादाची वाटी परत देतात.

पहिला गेम मी पटकन घेतला. दुसऱ्यात त्यानं वेलविशर काढला. हा एक एल्फ, आडवा केला की टेबलावर जेवढे एल्फ तेवढं लाइफ. आता शहाण्या माणसानं पहिला बोल्ट त्याच्यावर टाकला असता. पण बर्न खेळणाऱ्याचा हात तोंडावरच जातो, सवय, आणि मला वाटलं अजून तीन पत्ते आले की संपतोच हा. पोराचे एल्फ वाढत गेले. चार लाइफ. पाच. सात. मी दर टर्नला तीन मारतोय आणि तो सात परत मिळवतोय, म्हणजे मी खोलीतलं पाणी वाटीनं उपसतोय आणि नळ उघडा. त्याला ४१ वर बघून मी हात टेकले. १-१. तिसरा गेम सुरू झाला आणि दोनच टर्न झाल्यावर काउंटरवरून "टाइम!" मला वाटत होतं वीस मिनिटं तरी आहेत. वेळ संपल्यावर चालू टर्न पूर्ण करून अजून पाच टर्न मिळतात, त्यात काही झालं नाही, ड्रॉ. बर्न डेकनं ड्रॉ केलेला मी तरी आयुष्यात दुसरा माणूस बघितलेला नाही.

पण चिडता येईना. तो पोरगा उड्या मारत आईकडं गेला, "आई मला एक पॉइंट मिळाला." जज त्या टेबलाजवळ राउंडभर तीन वेळा येऊन गेला होता, पोराला एकदा पण "लवकर" म्हणाला नाही, मला मात्र हळूच म्हणाला होता की तुमच्या टर्न तुम्ही जरा पटापट घ्या. ते मला तेव्हा कळलं नाही. टीव्हीवर टायमर असता तर कळलं असतं.

चौथा राउंड पांढरा डेक, पंधरा मिनिटांत ०-२, पुढं चला. त्या वेळात जेवलो. दुकानात खायला चिप्स आणि कोल्ड्रिंक सोडून काही नाही, खाली उतरायचं म्हणजे तो जिना. मुलाच्या आईनं न मागता दोन थालीपीठं पुढं केली, मी पाटी वाचलेली होती त्यामुळं आधी हात पुसले मग घेतली. टॉयलेट शेजारच्या बिल्डिंगमध्ये, किल्ली काउंटरवर, किल्लीला भलामोठा लाकडी ठोकळा बांधलाय, तो घेऊन पावसातून जायचं. हे सुधारा राव.

पाचवा राउंड. चार पॉइंट घेऊन मी थेट आठव्या टेबलावर, म्हणजे टबाच्या कडेला. समोर परत निळा डेक, वेगळा माणूस. बघणाराही कुणी नाही, सगळे पहिल्या टेबलाभोवती. पहिला गेम माझा, दुसरा त्याचा, तिसऱ्यात बरोबर तीच वेळ आली: तो चारवर, त्याचं एक आयलंड उभं, माझे दोन माउंटन, हातात फायरब्लास्ट आणि रेड ब्लास्ट. हात आपोआप माउंटन उचलायला गेला. थांबलो. दोन्ही आडवे केले. दोन लाल डाइस मॅटवर ठेवले आणि मोठ्यानं म्हटलं, "दोन रेड फ्लोटिंग." त्यानं माझ्याकडं बघितलं, डाइसकडं बघितलं. मग मी ते आडवे माउंटन कचऱ्यात सरकवले, फायरब्लास्ट. तो बराच वेळ थांबला, टबात टप टप चालू. हायड्रोब्लास्ट. मी एक डाइस उचलला, रेड ब्लास्ट. त्यानं हात उलटे करून दाखवले, नाही काही. मागं वळून बघितलं तर जज उभा. काही बोलला नाही, बोटानं कागदावर चौकोन काढल्यासारखं केलं आणि गेला.

शेवटी दोन जिंकले, दोन हरले, एक ड्रॉ, सात पॉइंट. पॅक पहिल्या आठांना. सात पॉइंटवाले तिघं होते आणि टायब्रेकरमध्ये, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते एकूण किती जिंकले यात, मी नववा. थालीपीठवाल्या पोरानं मला मागं ओढलं म्हणायला हरकत नाही. पहिल्या चौघांना वर स्टोअर क्रेडिट पण आहे, आणि ते ४५ दिवसांत संपतं, ही मला लुच्चेगिरी वाटते, माणूस दीड महिन्यात दोनदा येतो फार तर. सिंगल कार्डांचे भाव पण चढेच, दादा डॉलरला सरळ शंभरनं गुणतो. साध्या कॉमनला ठीक आहे, महाग कार्ड घ्यायचं असेल तर मी मित्राकडून बाहेरून मागवीन.

तर जावं का? पहिल्यांदा टूर्नामेंट खेळणाऱ्यानं डोळे झाकून जावं, डेक नसेल तरी. तयारीचा खेळाडू असाल आणि घड्याळ, बक्षीस, चांगली खुर्ची हवी असेल तर चिडचिड होईल. सोबत पाणी, डबा, उशी, आणि पावसाळ्यात फॉइल घरी ठेवा. टेबल आठ आणि नऊ मिळालं तर मॅट आपल्या बाजूला ओढा. पाचातले साडेतीन स्टार, एसी दुरुस्त केला तर चार.

निघताना उसना बोल्ट परत द्यायला गेलो तर द्यावासा वाटेना, शेवटच्या मॅचमध्ये दोनदा आला होता. दादा म्हणाला राहू दे तुझ्याकडं. मी खूश. खाली उतरून यूपीआयचा मेसेज बघितला, चहाचे २० आणि बोल्टचे ६० धरून ८० रुपये मागितले होते. दिले. फॉइल आता घरी दोन जाड डिक्शनऱ्यांच्या मध्ये दाबून ठेवलाय, दसऱ्यापर्यंत सरळ होईल असं वाटतंय.